वीस जागांची माती

"मग माती खोटं बोलते म्हणायचं का, चाचा?"

विश्वंभर पाटणेनं प्रयोगशाळेचा कागद हसनचाचांपुढे धरला. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं भरपूर. आणि मैदानावरची हरळी मात्र कावीळ झाल्यासारखी पिवळी.

विश्वंभर शेतकी कॉलेजात पहिला आलेला. हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा आणि आम्ही मैदानावरची माणसं मुकाट ऐकायचो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? हसनचाचांनी या क्रिकेटच्या मैदानावर चाळीस वर्षं गवत राखलं होतं. आता ते त्याच्या हाती सोपवून कडेच्या खोलीत राहत होते.

क्लबानं आठ दिवसांची मुदत दिली होती. गवताचं दुखणं सापडलं नाही, तर सगळं खरडून काढून प्लास्टिकची हिरवळ अंथरणार होते. माती पुन्हा तपासायला आता एकदाच वेळ होता. चाचांनी धास्ती घेतली होती. विश्वंभरनंही घेतली असेल, पण तो कबूल करणाऱ्यातला नव्हे.

चाचांनी एवढंच विचारलं, माती कुठली नेली होतीस?

तो अडखळला. पॅव्हेलियनसमोरची, म्हणाला. तो तुकडा त्यानं स्वतःच्या हातानं लावलेला, अख्ख्या मैदानात तेवढाच हिरवागार. कागदावर त्याचं नाव येणार होतं ना...

चाचा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी एक स्वच्छ घमेलं आणि खुरपं त्याच्या हातात दिलं.

"चाल. पण सरळ चालू नकोस."

आणि गडी निघाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नागमोडी. वीस ठिकाणी थांबायचं, वरची मुळांची जाळी बाजूला सारायची, दर वेळी चार बोटं खोल जायचं. मागं खताचं पोतं फुटलं होतं ती जागा चाचांनी ओलांडायला लावली. पॅव्हेलियनसमोर त्यानं गुपचूप दोनदा खुरपं घातलं, तर एक मूठ परत टाकायला लावली. म्हाताऱ्याची नजर भलतीच पक्की.

लांबच्या कोपऱ्यात गवत पार जळालं होतं. तिथं त्याचे पाय थबकले...

"तिथलीही," चाचा म्हणाले.

घमेलं भरलं. प्रयोगशाळेच्या पिशवीत जायची होती जेमतेम अर्धा किलो. विश्वंभरनं माती कालवली, कागदावर गोल पसरली, बोटानं तिचे चार भाग केले. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, मग पुन्हा तसंच, माती पुरेशी कमी होईपर्यंत. हे त्याला कॉलेजातच शिकवलं होतं.

पण हात पुढं होईना. एका भागात काळंभोर, भुसभुशीत ढेकूळ दिसत होतं. पॅव्हेलियनसमोरचं. त्यानं ते जत्रेत आपलं पोर ओळखावं तसं ओळखलं. आणि त्याच्याच शेजारच्या भागात जळक्या कोपऱ्यातली पांढुरकी माती.

शेवटी त्यानं मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो काही सांगत नव्हता, खरंच विचारत होता. मला त्याची दया आली.

"चाचा, यातले कुठले दोन टाकू?"

चाचांनी वाकून चारही भाग एकात ढकलले.

"कुठले टाकू असं विचारावंसं वाटतंय ना बेटा, तोवर कालवत राहा."