शिलाजीवेचा माळ

कृतयुग उतरणीला लागले होते, तरी माणसांची आयुष्ये अजून लांब होती आणि देवता हाकेच्या अंतरावर होत्या, त्या काळची ही कथा. सह्य पर्वताच्या पूर्वेस, जिथे मेघ आपले जल पश्चिमेकडेच रिते करून हलक्या अंगाने येतात, अशा कोरड्या प्रदेशात काष्ठायन ऋषींचा आश्रम होता. आश्रमाच्या एका बाजूस खोलगट भाग होता. तिथली माती काजळासारखी काळी, आणि तिच्यात गवत कमरेइतके वाढे. दुसऱ्या बाजूस उंचवट्यावर खडकाळ माळ होता. त्यावर मातीचा थर बोटभरही नव्हता, आणि खडकाच्या चिरांतून वर येणाऱ्या वनस्पतीही बोटाएवढ्याच. त्यांतली एक शिलाजीवा. तिची फुले तिळाएवढी, जांभळी. काष्ठायनांना श्वासाचा जुना विकार होता, आणि शिलाजीवेच्या काढ्यावाचून त्यांचा एकही हिवाळा पार पडत नसे.

काढा करण्याचे काम ऋषिपत्नी आर्जवीचे.

"आर्ये, हा तू मला जगवण्यासाठी देतेस, की माझ्या तपाची परीक्षा पाहण्यासाठी?" तोंड वाकडे करून काष्ठायन दरवर्षी विचारीत.

"दोन्हींसाठी. भांडे रिकामे करा," असे आर्जवी दरवर्षी सांगे.

काष्ठायनांची भूतदया तिन्ही लोकांत वाखाणली जाई. बारा वर्षांपूर्वी माळावरून चालताना त्या खुज्या वनस्पती पाहून त्यांचे अंतःकरण कळवळले. ते म्हणाले, "आर्ये, त्या गवताला एवढी समृद्धी, आणि या बिचाऱ्या दगड चाटून जगतात. ज्या मला प्राण देतात त्यांना मी उपाशी ठेवू? आजपासून अग्निहोत्राचे पवित्र भस्म, गोमय आणि खालची काळी माती यांना वाहायची."

तेव्हापासून सकाळचे हवन आटोपले की आर्जवी डोक्यावर टोपली घेई आणि माळ चढे. पहिल्या वर्षी शिलाजीवा वीतभर वाढली, तेव्हा दोघांना केवढा आनंद झाला होता. पुढे ती विरळ होत गेली. आर्जवीला वाटले, आपलीच सेवा कमी पडते. म्हणून ती टोपली अधिकच भरू लागली. मागल्या वर्षी ओंजळभरच शिलाजीवा मिळाली, तेव्हा तिने पावसाला दोष दिला.

कोवळ्या अंकुरांवर पाय पडू नये म्हणून चातुर्मासात माळावर कोणी जात नसे. यंदा पाऊस भरपूर झाला होता. कार्तिकी द्वादशीला, व्रताची समाप्ती होताच, आर्जवी मोठी करंडी घेऊन निघाली; आणि माथ्यावर पोहोचताच जागच्या जागी थिजली.

माळ दिसतच नव्हता. जिथवर दृष्टी जाई तिथवर कमरेइतके गवत वाऱ्यावर डुलत होते. ते बाजूला सारत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. शिलाजीवा नव्हती. तिच्या शेजारची, जिला नावही नव्हते ती, पिवळ्या फुलांची वेलही नव्हती. अखेर तिने गवताचा एक ठोंब उपटला. मुळांना काळी माती चिकटली होती आणि मातीत राखेचे करडे थर होते, एकावर एक. आपल्या हाताने टाकलेली राख तिने ओळखली. करंडी तिच्या हातून केव्हा गळून पडली, ते तिला कळलेही नाही.

"ओळख पटली ना?" मागून आवाज आला.

गवतात एक स्त्री उभी होती. तिच्या कांतीला एक रंग नव्हता. खांदे तांबडे, उदर काळे, पावलांवर खारट पांढरी खपली. ती साक्षात भूदेवी होती.

"माते, आम्ही त्यांना अन्न दिले," आर्जवी कशीबशी म्हणाली.

"भुकेल्याला अन्न द्यावे. भूक आहे का, हे विचारलेस? गवताला इथे अन्न नव्हते, म्हणून ते इथे येत नव्हते. तेवढ्यावरच या नाजूक लेकरांचे घर टिकून होते. तुम्ही गवताला पंगत वाढलीत, त्याने यांचे ऊन खाल्ले. आणि जिथून माती उपसलीत, तिथे पाणी साचून मीठ फुटले आहे, ते पाहिलेस?"

आर्जवीने खाली पाहिले. खोलगट भाग कोडासारखा पांढरा झाला होता. रोज ती तिथून गेली होती, आणि तिला तो दिसला नव्हता.

इतक्यात धापा टाकत काष्ठायन वर आले. समोरचे दृश्य पाहून त्यांचे नेत्र पेटले. कमंडलूतले जल हातात घेऊन ते गरजले, "परक्याचे घर बळकावणाऱ्या उन्मत्त तृणांनो, माझ्या तपोबलाने या क्षणी तुमचे भस्म..."

आर्जवीने झडप घालून त्यांचा हात धरला.

"नाथ, पुन्हा भस्मच?"

ऋषींच्या बोटांतून पाणी ओघळले. उभ्या आयुष्यात आपल्या दयेची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. ती त्या क्षणी वाटली.

"कन्ये, तू मला दुसऱ्या भस्मातून वाचवलेस," भूदेवी म्हणाली. "वर माग."

"हिवाळ्याआधी ती पुन्हा उगवायला हवी. माझी शिलाजीवा मला द्या."

देवीचा चेहरा उतरला. "या मातीत तिला मीही उगवू शकत नाही. तिची बीजे खडकाच्या चिरांत निजली आहेत. जेवढी वर्षे तुम्ही माती चढवलीत, तेवढी ती उतरवायला लागतील. दुसरे काही माग."

आर्जवी पतीकडे पाहत राहिली. एवढी वर्षे त्यांच्यापाशी नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होते.

काष्ठायन हळूच म्हणाले, "माग, आर्ये. या वर्षी काढा प्यावा लागणार नाही, एवढे तरी सुख मला लाभू दे."

ती हसली नाही. तिने हात जोडले. "मग असे करा, माते. या कोरड्या देशात पुन्हा कोणाच्या दयेने असा घात होऊ नये. खडकावर माती साचली तर वाऱ्यापावसाने ती खाली न्यावी. खडकाचे खडकाला राहावे, काळीचे काळीला."

"तथास्तु," भूदेवी म्हणाली आणि गवतात विरून गेली.

माती उतरवायची पहिली टोपली काष्ठायनांनीच भरली. तीनदा वाटेत बसून त्यांनी ती खोलगट भागात रिती केली. पौषात त्यांनी देह ठेवला.

आर्जवी एकटीच माती वाहत राहिली. पुढे वारा आणि पाऊसही तिच्या सोबतीला आले. बाराव्या वर्षी, व्रत संपल्यावर ती माथ्यावर गेली, तेव्हा एका चिरेत तिळाएवढी जांभळी फुले होती. दिवसभर ती त्यांच्यापाशी बसली. निघताना तिने फूल तोडले नाही. पायांना लागलेली माळाची चिमूटभर माती मात्र तिथेच झटकली आणि रिकाम्या हातांनी माळ उतरली.

म्हणूनच पर्जन्यछायेच्या या देशात दहा पावलांवर माती बदलते, आणि मातीबरोबर तिची लेकरेही. उघड्या खडकावर बोटाएवढे फूल दिसले, तर ते उपाशी आहे असे समजून कोणी कळवळू नये. ते आपल्या घरी आहे.