वेशीवरची हाक

फार मागे पद्मवट नगरीवर अरिमर्दन राजाची सत्ता होती, आणि बोधिसत्त्व त्या जन्मी त्याचे अमात्य होते. लागोपाठच्या लढायांनी तिजोरीत खडखडाट झालेला, त्यात दुष्काळ पडला. राजाने धान्याचे भाव बांधून दिले होते, म्हणून व्यापाऱ्यांचे तांडे नगरीला वळसा घालून परस्पर पुढे जात. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, भाव मोकळे करा. तांडे आपणहून येतील." तसेच झाले. बाजार धान्याने भरला आणि राजा हरखून गेला.

इतका हरखला, की वेशीबाहेर गरिबांना फुकट पेज वाढणारी पेजशाळा त्याने बंदच करून टाकली. "बाजारात धान्य मावत नाही. मग तिजोरीवर हा फुकटचा भार कशाला?"

"धान्य आहे, महाराज. पण ज्यांच्या गाठीला काहीच नाही, त्यांनी ते घ्यायचे कशाने?"

त्या नगरीचा एक जुना रिवाज होता. संध्याकाळी वेस लावण्यापूर्वी पहारेकरी बाहेर तोंड करून हाक देई, "कोणी उपाशी आहे का हो?" ओ देणाऱ्याला पेज मिळे, मगच राजा पानावर बसे. राजा म्हणाला, "हाक चालू ठेवू, पेज तेवढी बंद. ओ देणारे दिवसागणिक वाढले, तर पेजशाळा पुन्हा उघडू. मग तर झाले?" बोधिसत्त्वांनी परोपरीने विनवले, पण राजा काही ऐकेना.

पहिल्या संध्याकाळी बाहेरून केवढा गलका उठला! त्यात वत्सा बुरुडिणीचा आवाज सगळ्यांच्या वर. "आहोत हो, आहोत! काल होतो, आजही आहोत!" दुष्काळात तिच्या टोपल्या घेतो कोण? बोधिसत्त्व तिला चांगले ओळखत. पेज पाणचट झाली, की ती त्यांनाही तोंडावर सुनावत असे. आता ते रोज वेशीच्या माडीवर उभे राहून तिचा आवाज ऐकत.

हळूहळू गलका ओसरला. राजा खुशीत आला. "पाहिलेत, अमात्य? पोटाला चिमटा बसला, की माणसे हातपाय हलवतात. लागले सगळे कामाला!"

मग एका संध्याकाळी कोणीच ओ दिली नाही. राजाने त्या आनंदात पानात खीर वाढायला सांगितली. बोधिसत्त्व मात्र माडीवरून धावतच राजवाड्यात आले. वत्सा काही गप्प बसणारी बाई नव्हे! त्यांनी सरळ राजाचा हात धरला. "महाराज, पानावरून उठा. माझे मस्तक उडवायचे असेल, तर परत आल्यावर उडवा."

वेशीबाहेर कोणीही कामाला लागले नव्हते. कितीतरी माणसे केव्हाच मेली होती. उरलेली झोपड्यांच्या कुडांना टेकून बसली होती. वत्सा अर्धवट विणलेल्या टोपलीशेजारी आडवी पडली होती.

राजा वाकला. "बाई, हाक ऐकू नाही आली? ओ का दिली नाहीस?"

"आली की, महाराज," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "ओ द्यायला अंगात जीव लागतो."

बोधिसत्त्वांनी धावपळ करून पेज आणवली. तिच्या ओठांना ती लागली, पण घशाखाली उतरली नाही.

राजा ढसाढसा रडला आणि त्याच भरात बाजार बंद करायला निघाला. सगळे व्यापारी त्याला लुटारू दिसू लागले. बोधिसत्त्वांना रडू आवरत नव्हते, तरी त्यांनी राजाला आवरले. "तांडे तोडलेत, तर उद्या वेशीच्या आतलेही मरतील. भाव मोकळेच राहू द्या. पण वेशीत शिरणाऱ्या प्रत्येक गोणीतून ओंजळभर धान्य पेजशाळेत जाऊ द्या. आज माझे कोठार उघडा. आणि हाक यापुढे वेशीतून नको, दारोदार जाऊन द्या." व्यापारी कुरकुरले, पण ओंजळ देऊ लागले. जी माणसे उरली होती, ती जगली.

एवढी कथा सांगून भगवान शास्ते थांबले. मग समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, "तो अमात्य मी होतो. तो राजा आज या विहाराचे भांडार सांभाळतो. कोणी मागत नाही, म्हणून त्याने आजाऱ्यांची पेज बंद केली आहे. आणि ती वत्सा आज भिक्षू होऊन पलीकडच्या कोठडीत तापाने पडली आहे. मागण्याची वाट पाहत नाही, तिलाच करुणा म्हणतात. त्या भिक्षूने कालपासून पाणीसुद्धा मागितलेले नाही. उठा."