पणजोबांचा तबला

मिरजेतल्या एका गायनवर्गात जुना कॉम्प्युटर होता. तो सुरू होईपर्यंत चारही तानपुरे लागून व्हायचे आणि भिंतीवरची उन्हाची तिरीप दारापर्यंत सरकायची. पण दिवंगत गुरुजींचं गाणं त्यातच साठवलेलं होतं. ते लागलं की गुरुजी शेजारच्या खोलीत बसून गाताहेत असं वाटायचं.

संस्थेचे अध्यक्ष आणि वर्गाचे तबलजी आबासाहेब म्हणाले, "हे खोकं भंगारात द्या. तिथे माझा फोटो लावू."

शिक्षिका रोहिणीताईंनी नव्या साडीचा बेत रद्द केला. त्या पैशांत एसएसडी ही वेगवान डिस्क आणली, रॅम वाढवली, गाणी नव्या डिस्कवर उतरवली. आता पहिली तार लागायच्या आत कॉम्प्युटर सुरू होऊ लागला.

आबासाहेब चिडले. "गुरुजींची आठवण म्हणून ठेवायचा होता ना? आतलं सगळं बदललंत. आठवण उरली कुठे?"

रोहिणीताईंनी आबासाहेबांच्या मांडीजवळच्या तबल्याकडे पाहिलं. "हा किती जुना?"

"पणजोबांचा. शंभर वर्षं झाली."

"वरची कातड्याची पुडी त्यांच्याच वेळची?"

"छे, गेल्या महिन्यात बदलली. ती ताणणारी वादीही नवी."

"मग पणजोबांचं काय उरलं?"

आबासाहेब ताठ बसले. "लाकूड. आणि त्यातून येणारा आमच्या घराण्याचा नाद."

रोहिणीताईंनी बटण दाबलं. खोलीभर गुरुजींचा षड्ज पसरला.

"आमचंही तेवढंच उरलंय," त्या म्हणाल्या.

आबासाहेबांनी हातोडी घेऊन तबला गुरुजींच्या सुरात लावायला घेतला.