ज्याचा त्याचा घास

एका गावात नागू नावाचा एक भोळा कुंभार होता. सांगाल तेवढंच करायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

त्याची बायको तानी पहिलं बाळंतपण उरकून माहेराहून आली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, सोबत आई कोंडाबाई. घरात नागूचे वडील, आबा. तोंडाचं पार बोळकं झालेलं. तानीच्या अंगात अजून ताकद नव्हती.

कोंडाबाईंनी बजावलं, "जावईबापू, आज सगळ्यांचं खाणंपिणं तुम्ही बघा. जमलं नाही, तर लेक आणि नात संध्याकाळच्या बैलगाडीने परत नेईन."

तानीशिवाय त्याला घर खायला उठायचं.

कोंडाबाईंनी डबा पुढे केला. "हे डिंकाचे लाडू. बाळंतिणीला द्या."

नागू डबा घेऊन थेट गोठ्यात गेला. म्हैस परवाच व्याली होती.

कोंडाबाई दचकल्या. "अहो, म्हशीला?"

"तानीचं जुनं झालं. हिचं ताजं आहे."

"जनावराला नाही हो! माणसाच्या तोंडात जायला हवा लाडू!"

एकच उरला होता. पहिलं माणूस दिसलं ते आबा. नागूने लाडू त्यांच्या तोंडात कोंबला. आबांनी तो या गालातून त्या गालात फिरवला. फुटेना. शेवटी कोंडाबाईंनी बोट घालून बाहेर काढला.

"दात नसलेल्याला गुरगुट्या भात द्यावा, दुधात कालवून!"

नागूने भात शिजवला, कालवला आणि वाटी घेऊन पाळण्यापाशी बसला. मुलीचं तोंड उघडून बघितलं. एकही दात नाही. घास पुढे केला.

तानी किंचाळली. "अहो, मारता का तिला!"

वाटी उडाली. भात मांजराने खाल्ला.

"दात नाहीत म्हणून..."

"एवढ्याशा जिवाला आईचं दूधच! रडायला लागलं की आईपाशी न्यायचं. दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही!" कोंडाबाई कडाडल्या.

नागूने ते चांगलं घोकलं.

इकडे आबा सकाळपासून उपाशी. आधी कुरकुरले, मग भुकेने चक्क रडायला लागले. कोंडाबाई विहिरीवर गेल्या होत्या, तानीचा डोळा लागला होता. नागूला आनंद झाला. आता काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने आबांना पाठुंगळी घेतलं.

"अरे, कुठं नेतोस?"

"आईपाशी."

आबांची आई कधीच वारली होती. नागू स्मशानाच्या वाटेला लागला.

लोकांनी बघितलं. हातातली कामं टाकून मागून चालू लागले. दोघाचौघांनी गोवऱ्याही घेतल्या. नागूने आबांना दहनाच्या ओट्यावर ठेवलं आणि हाक मारली, "आजी, घे गं! तुझं पोरगं भुकेलंय!"

"अरे, भात दे मेल्या!" आबा ओट्यावरून ओरडले. गोवऱ्या टाकून गाव पळालं.

संध्याकाळी कोंडाबाई बैलगाडीत बसल्या. शेजारी लेक, मांडीवर नात आणि पुढ्यात भात खाणारे आबा.

नागू धापा टाकत मागून धावत आला.

"सासूबाई, थांबा! आबांना तरी उतरवा! आजी तिकडे वाट बघतेय!"