दुकानातला धबधबा

अंथरुणाला खिळलेल्या मामंजींना कबड्डी दाखवायची, म्हणून शेवंता शिवणकामाचे पैसे घेऊन टीव्हीच्या दुकानात आली. संध्याकाळी सामन्याच्या वेळीच गावची वीज जाई आणि घरात इन्व्हर्टरची बॅटरी होती छोटी. तिने कमी वीज खाणारा, फाइव्ह स्टारचा स्वस्त एचडी टीव्ही निवडला.

दुकानदार भुसारी शेठ हसले. "बाई, तो गरिबाघरचा! हा दुप्पट किमतीचा बघा. पडद्यावरचा हा धबधबा पाहूनच अंग भिजतंय की नाही?"

"भिजतंय खरं. पण धबधबा तुमच्या दुकानातच राहणार. दोन्हींवर आपली केबल लावा."

शेठनी कबड्डी लावली. दोन्ही पडद्यांवर चित्र सारखंच स्वच्छ!

शेवंताने विचारलं, "शेठ, महागड्यावर आपला संघ दुप्पट गडी बाद करतो का हो?"

सारं दुकान हसलं. शेठनी फाइव्ह स्टारचा खोका काढला.