पडद्यावर न मावलेली नदी

एका धरणावर विश्वंभर पागे नावाचे अधिकारी होते. कामाला चोख, वेळेचे पक्के. त्यांचा हट्ट एकच होता: डोळ्यांसमोर येईल ते नीटनेटकं दिसलं पाहिजे. भिंतीवरची तसबीर जरा कलली असली, तर बैठक थांबवून ते ती सरळ करत.

धरणाखाली नदीचं रुंद, वाळूचं पात्र होतं. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडायचं, तेव्हा पात्रात कुणी नाही ना, हे पाहायला एक कॅमेरा बसवला होता. नियम साधा होता. भोंगा वाजवायचा, पडद्यावर पात्र पाहायचं आणि मगच दरवाजे उघडायचे.

पात्राच्या डाव्या काठाला हैबती भोई आणि त्याची बायको ठकूबाई दर उन्हाळ्यात कलिंगडांची वाडी लावत. तापात हैबतीचे कान गेले होते. भोंगा झाला की ठकूबाई त्याला दंडाला धरून वर आणी. ती घरी नसली, तर दरवाजे चालवणारा तुळशीराम त्याला पडद्यावर पाही आणि बोलवायला माणूस धाडी. असं दोनदा झालं होतं.

त्या वर्षी जुना पडदा बिघडला. कचेरीतून नवा आला. तो चांगला मोठा होता, पण त्यावर चित्र लावलं की वर आणि खाली काळे पट्टे दिसत. चारच दिवसांत मंत्री धरण पाहायला येणार होते. पागेसाहेबांनी कॅमेऱ्यांचं काम पाहणाऱ्या नसीमा मुजावरला बोलावलं.

"हे पट्टे काय आहेत? पडदा नवा, आणि चित्र अर्धवट?"

"चित्र अर्धवट नाही, सर," नसीमा म्हणाली. "चित्र पूर्ण आहे, पडद्याचं माप वेगळं आहे. हा पडदा कचेरीच्या कामाचा. कागद वाचायला उंची लागते, म्हणून रुंदी सोळा तर उंची दहा. आपला कॅमेरा नदीसाठी घेतलेला, एकवीसला नऊ. रुंद चित्र उंच पडद्यावर पूर्ण दाखवायचं, तर वर-खाली जागा रिकामी राहणारच."

"मग सगळे एकाच मापाचे का करत नाहीत?"

"प्रत्येकाचं काम निराळं, सर. पूर्वी घरातला टीव्ही जवळजवळ चौकोनी होता. लोक घरीच बसायला लागले, तेव्हा सिनेमावाल्यांनी पडदा रुंद केला, घरी मिळणार नाही ते दाखवायला. पुढे टीव्हीवाल्यांनी दोहोंच्या मधलं माप धरलं, सोळाला नऊ. कुठलंही चित्र आलं तरी फार वाया जाऊ नये म्हणून. सगळ्यांना पुरेल असं एक माप नाही."

"ताणून बसव."

"माणसं काठीसारखी दिसतील."

"मग मोठं कर. पडदा भरला पाहिजे."

नसीमाने पडद्याच्या दोन्ही कडांना बोट लावलं. मग म्हणाली, "दोन्ही बाजूंनी सहावा-सहावा हिस्सा कापला जाईल, सर. काठ दिसणार नाहीत."

"काठावर काय बघायचंय? पाणी मधून जातं."

तिने बटण दाबलं. पट्टे गेले. नदीने पडदा भरला. पागेसाहेबांना बरं वाटलं.

मंत्री आले तो बाजाराचा दिवस होता. ठकूबाई पहाटेच कलिंगडं घेऊन तालुक्याला गेली होती. हैबती वाडीत वेलांना पाणी घालत होता.

पाहुणे पडद्यासमोर उभे राहिले. "वा, अगदी खिडकीतून पाहिल्यासारखं!" मंत्री म्हणाले. भोंगा झाला. तुळशीरामने पडदा पाहिला. वाळू रिकामी होती. तरीही त्याचा हात दरवाज्याच्या बटणावर जाईना. तो पागेसाहेबांच्या कानाशी वाकला.

"साहेब, डावीकडं हैबतीची वाडी हाय. त्याला ऐकू येत न्हाई. एकदा पूर्ण चित्र लावू का? मिनिटाचं काम हाय."

पागेसाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पूर्ण चित्र लावायचं म्हणजे पट्टे येणार. मग कुणीतरी विचारणार. मग समजावत बसावं लागणार.

"भोंगा झालाय," ते हळूच म्हणाले. "पडद्यावर कुणी नाही. उघडा."

तुळशीरामने दरवाजे उघडले. पाणी उसळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हैबती दुसऱ्या दिवशी सापडला, तीन कोस खाली, बाभळीच्या मुळांत.

चौकशी झाली. पागेसाहेबांनी जबाब दिला, "पडद्यावर कुणीही दिसत नव्हतं." ते खरं होतं. चौकशीवाल्यांनी ते लिहून घेतलं आणि ते निघून गेले.

तेराव्यानंतर ठकूबाई धरणावर आली. तिने कुणाला शिवी दिली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला दाखवा. माझा मालक दिसत कसा न्हवता, ते मला बघू द्या."

पडद्यावर काठ कापले होते, पण कॅमेऱ्याने नदी पूर्ण टिपली होती. ते चित्रण साठवलेलं होतं. नसीमा रडू लागली, तिच्या हातून ते लागेना. शेवटी पागेसाहेबांनी स्वतः लावलं.

डाव्या काठाला पांढरं मुंडासं बांधलेला माणूस कळशी घेऊन वाकला होता. स्वच्छ दिसत होता. एक वेल झाला, तो दुसऱ्याकडे वळला. त्याची पाठ धरणाकडे होती. मग पडद्याच्या मधून पाणी आलं आणि पसरत काठापर्यंत गेलं.

ठकूबाईने शेवटपर्यंत पाहिलं.

"एवढा तर दिसतोय की, साहेब," ती म्हणाली.

ती उठली आणि पायऱ्या उतरून गेली. त्या उन्हाळ्यानंतर त्या काठाला कुणी वाडी लावली नाही.

तात्पर्य: चौकट प्रत्येकाची वेगळी असते आणि कुठल्याच चौकटीत सगळं मावत नाही. पण शोभेसाठी जे कापून टाकलं, ते जगातून नाहीसं होत नाही. ज्याच्या हुकमाने पाणी सुटतं, त्याने आपण काय कापलं ते आधी पाहावं.