उस्तादांची तपासणी

"पण उस्ताद, तुम्ही ते मुद्दामच बंद ठेवलं होतं ना?"

झोपडीबाहेरच्या बाकावर स्की उलटी टाकून सुभेदार बापूराव फडतरे तिच्या तळाचं जुनं मेण पातळ पट्टीनं खरवडत होते. पट्टी पुढं गेली, मागं आली.

समोर शार्दूल निमकर उभा होता. त्याला फक्त एक 'हो' हवं होतं. ते मिळालं असतं, तर तो शीळ वाजवत जेवायला गेला असता.

"सांगा ना, उस्ताद. परीक्षाच होती ना ती?"

...

हा माणूस काय चीज होता, ते आधी सांगायला हवं.

फडतरे मूळचे खटाव तालुक्यातले. प्यायच्या पाण्यासाठी जिथं टँकरची वाट पाहायची, तिथला हा गडी पलटणीबरोबर हिमालयात आला आणि बर्फाच्या असा नादी लागला, की पेन्शन सुरू झाली तरी खाली उतरला नाही. हिमाचलातल्या शेवटच्या बसथांब्यावरून तासभर चढून गेलं, की त्यांचं शिबिर लागे. तिथं वर नेणारी लिफ्ट नव्हती की आखलेली वाट नव्हती. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची, आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं.

त्याआधी मात्र डोंगरावरचा बर्फ कधी सुटतो, का सुटतो, आणि त्याखाली गाडलेल्या माणसाला कसं बाहेर काढायचं, हे घोटून घ्यावं लागे. त्यात उस्ताद कुणाची गय करत नसत.

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचेच उस्ताद. वय चौसष्ट. चढावर त्यांना धाप लागलेली कुणी पाहिली नव्हती. मुठीत बर्फ घेऊन तो कुठल्या वारी पडला ते सांगत, आणि ते बरोबर निघे. उतारावरून ते निघाले, की चहा पिणारा माणूस चहा विसरून बघत राही. खोटं कशाला बोला, असा माणूस शंभरात एखादाच असतो.

शार्दूल पुण्याचा. परदेशातल्या गुळगुळीत, राखलेल्या उतारांवर स्की शिकून आलेला, आणि ते सगळ्यांना ठाऊक असेल याची काळजी घेणारा. आपल्याला असा उस्ताद मिळाला, याचाही त्याला गर्व होता. तो गर्वही त्यानं लपवून ठेवला नव्हता.

एका गोष्टीत मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बीकन.

बीकन म्हणजे छातीशी बांधायचं तळहाताएवढं यंत्र. ते सारखी आपली खूण पाठवत असतं. माणूस बर्फाखाली गेला, की वरच्यांनी आपापली यंत्रं शोधावर लावायची आणि आवाजाच्या मागानं त्याला गाठायचं. हे सगळं पंधरा मिनिटांच्या आत. पुढं बहुतेक वेळा नुसतं शरीर हाती लागतं.

सरावासाठी बर्फात पुरलेलं बीकन शार्दूलनं चार मिनिटांत शोधलं होतं. शिबिरात एवढ्या लवकर कुणालाच जमलं नव्हतं.

रोज सकाळी निघताना उस्ताद वाटेत उभे राहत. एकेक जण त्यांच्या समोरून जाई आणि ते हातातल्या तपासणीच्या वेगळ्या यंत्रावर प्रत्येकाच्या बीकनचा आवाज ऐकत. शेवटी उलटं व्हायचं. ज्याची पाळी असेल, त्या शिष्यानं उस्तादांची तपासणी करायची. उस्ताद दोन्ही हात पसरून उभे राहत, शिंप्याला माप द्यावं तसे.

काल ती पाळी शार्दूलची होती. आणि त्यानं ती तपासणी केली नव्हती.

आज पाळी मृणाल आवटीची. ही सांगलीत दातांचा दवाखाना चालवते, आणि शिबिरात सगळ्यांत जास्त आपटते. तिनं आपलं यंत्र उस्तादांच्या छातीपाशी नेलं. ऐकलं. पुन्हा नेलं.

मग चाचरत म्हणाली, "उस्ताद... तुमचं वाजत नाहीये."

सगळे हसले. तिचंच काहीतरी चुकलं असणार!

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी जाकिटाची चेन उघडली, आत पाहिलं. मग टाचा जुळवल्या आणि त्या बाईला खणखणीत सलाम ठोकला.

"आज वर न्हाई जायाचं," ते म्हणाले. "समदी माघारी."

चहाच्या मगांभोवती पाच मिनिटांत निकाल लागला. उस्तादांनी परीक्षा घेतली! काय डोकं आहे म्हाताऱ्याचं! हे सगळ्यांत मोठ्यानं शार्दूलच म्हणाला. पण मग चहा तसाच ठेवून तो उठला.

परीक्षा असेल, तर तो एका परीक्षेत नापास झाला होता. ते सोसवलं असतं.

पण परीक्षा नसेल, तर...

म्हणून तो बाकासमोर येऊन उभा होता.

"उस्ताद, परीक्षाच ना?"

"न्हाई."

"मग?"

"इसरलो."

पट्टी पुढं गेली, मागं आली.

"परवा सांजच्याला त्यातलं सेल बदललं. थंडीनं बोटं वळत नव्हती. चालू करायचं ऱ्हाऊन गेलं."

शार्दूल होता तिथंच बर्फात खाली बसला.

परवा संध्याकाळी. म्हणजे काल सबंध दिवस...

काल मोठ्या उतारावर पहिले उस्ताद उतरले होते. एका वेळी एकानंच जायचं, बाकीच्यांनी वर खडकाआड थांबायचं, असा नियम. उतार निम्मा झाला असेल नसेल, त्यांच्या पायाखाली धप्प झालं. सगळा उतार एकदम बसल्यासारखा; बर्फ सुटायच्या आधी होतो तो आवाज. उस्ताद जागीच थांबले. श्वास घ्यावा तितक्या हळू ते तिरपे सरकत गेले, कडेच्या भूर्जांच्या झाडीपाशी पोचले आणि तिथून काठी उंचावून बाकीच्यांना दुसऱ्या वाटेनं यायला खुणावलं.

उतार सुटला नाही. का सुटला नाही, ते त्या उतारालाच माहीत.

त्या वेळी वर उभ्या असलेल्या शार्दूलला भीती वाटली नव्हती. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्याच्या मनात आलं होतं, सुटू दे सुटला तर. उस्तादांना मी काढीन. चार मिनिटांत.

आता त्याला ती चार मिनिटं दिसली. आणि त्यांच्या पुढची अकरा. बर्फाच्या ढिगाऱ्यावरून तो यंत्र घेऊन वर-खाली धावतो आहे, आणि यंत्र गप्प आहे. पायाखालीच कुठंतरी उस्ताद आहेत, आणि यंत्र गप्प आहे.

"उस्ताद, काल पाळी माझी होती."

"ठाव हाय."

"मी तपासलंच नाही."

"त्ये बी ठाव हाय."

"मी यंत्र छातीपाशी नेलंच नाही. मी... मी वाकलो. तुमच्या पाया पडलो."

"व्हय. आन् बोललास बी."

बोलला होता खरा. 'आपण काय उस्तादांना तपासणार? उस्ताद आपल्याला तपासतात!' असं मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते सगळ्यांना भारी आवडलं होतं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. हात पसरून उभे असलेले उस्तादसुद्धा ओठांतल्या ओठांत हसले होते.

"तुम्ही मला थांबवलं का नाही?" शार्दूलचा आवाज चढला. "एरवी बुटाची नाडी सुटलेली असली तरी तुम्ही परत पाठवता. काल का नाही बोललात? का?"

आता पट्टी थांबली.

उस्तादांनी ती बाकावर ठेवली. स्कीच्या तळावरची मेणाची भुकटी तळहातानं झटकली.

"बरं वाटलं," ते म्हणाले.

"काय?"

"बरं वाटलं मला, लेका. पाया पडलास, चार मान्सांत मोठं केलंस. दोन घटका लई बरं वाटलं. त्याच दोन घटका तपासनीच्या हुत्या."

शार्दूल त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. तीस वर्षं बर्फात काढलेला माणूस. 'परीक्षा होती' एवढं म्हटलं असतं, तर अख्ख्या शिबिरानं आज डोक्यावर घेतला असता. नुसती मान हलवायची होती. तेवढीही त्यानं हलवली नव्हती.

शार्दूलला रडू फुटलं. मोठा बाप्या माणूस, पण हुंदके देऊन रडला. हा माणूस काल गेला असता, आणि आपण त्याला हात जोडून पाठवलं असतं!

"मी तुम्हाला कमी लेखून नाही केलं, उस्ताद," तो कसाबसा म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. मी तुम्हाला देव मानतो. देव मानतो, म्हणून..."

तो गुडघ्यांवर तसाच पुढं सरकला आणि त्यानं उस्तादांच्या पायांकडं हात नेले.

उस्तादांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

"देवाला मशीन लागत न्हाई, पोरा," ते म्हणाले. "मला लागतं."